हाव म्हणजे हाउ नव्हे

लातूरजवळच्या मुरुडच्या उमाशंकरचं इंग्रजी म्हणजे कौतुकाचा विषय होता. बारावीला केंद्रात पहिला. कोणताही काळ विचारा, कर्तरीचं कर्मणी करायला सांगा, पठ्ठ्या फळ्यावर लिहून मोकळा. बाप गुंडप्पा कापड दुकानदार. गिऱ्हाइकापुढं आधी लेकाचे मार्क उलगडायचा आणि मग ठाण. एवढ्या इंग्रजीतलं एक वाक्यसुद्धा पोरानं कुणाशी बोलून पाहिलेलं नाही, हे मात्र घरात कुणाला खटकलं नाही. पेपरात बोलावं लागत नाही, आणि त्या वर्षांत लातुरात पेपरापलीकडं काही असतं यावर कुणाचा विश्वास नव्हता.

लातूरच्या कॉलेजात त्यानं भूगर्भशास्त्र घेतलं आणि त्याच वर्गात नाझनीन निघाली. औसा तालुक्यातल्या शिंप्याची मुलगी. भूकंपात गाव पडलं तेव्हा ती दहावीत होती. पत्र्याच्या वसाहतीत परदेशी डॉक्टर आले, त्यांना लोकांचं दुखणं कळेना. तेव्हा ही मध्ये उभी राहिली, हातवारे आणि पुस्तकातले चार शब्द घेऊन दुभाषी झाली. तिथं तिची जीभ सुटली ती सुटलीच. इंग्रजी कसलं म्हणा! स्टोनला इस्टोन, स्कूलला इस्कूल, क्रियापद आलं तर आलं. पण सरांनी काही विचारलं की ती बेधडक उठायची, आणि सरांना ते कळायचंसुद्धा. उमाशंकरला उत्तर तिच्याआधी ठाऊक असायचं. मनात वाक्य जुळवून, व्याकरण तपासून तो उठेपर्यंत ती बोलून बसलेली असायची. त्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

तिसऱ्या वर्षी विभागप्रमुख शेषेराव सरांनी जाहीर केलं, की मद्रासहून एक प्राध्यापक येणार आहेत. ते मुलांची भाषणं ऐकणार आणि एकाला एम.एस्सी.साठी आपल्याकडं घेऊन जाणार. तिकडं शिकायचं इंग्रजीत, शंका विचारायच्या इंग्रजीत, भात वाढा म्हणायचं तेही इंग्रजीत. उमाशंकरनं त्याच दिवशी घरी सांगून टाकलं, "मी मद्रासला चाललो." शेजाऱ्यापाजाऱ्यांना पेढेही वाटून झाले.

दोन दिवसांनी नाझनीन चार ओळींचा कागद घेऊन त्याच्यापुढं आली. "उमाशंकर, जरा बघून देता का? तुमचं ग्रामर लई पक्कं हाय."

त्यानं कागद घेतला आणि वाचायला लागला. तिनं लिहिलं होतं, आमच्या घराच्या भिंती दगडमातीच्या होत्या, वर मातीचं माळवद होतं, सगळे झोपले होते. एवढंच. पण वाचताना अंगावर काटा आला. त्याचं स्वतःचं भाषण भूकंपलहरींवर होतं, गाइडमधून उचललेलं. मुरुडात त्याच्या घरी फळीवरची भांडी पडली होती, बस. त्याला तिच्या त्या पडलेल्या घराचासुद्धा हेवा वाटला. असा हेवा वाटतो याची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा हेवा जास्त निघाला. बसल्या बसल्या त्यानं तिचे सोपे शब्द खोडले आणि जागोजागी अवजड शब्द बसवले. एकही शब्द चुकीचा नव्हता. फक्त त्यातला एकही तिच्या जिभेवर बसणारा नव्हता.

"शुक्रिया," ती म्हणाली. "किती मेहनत घेतली तुम्ही."

भाषणांच्या दिवशी नाझनीनचं नाव आधी पुकारलं. कागद धरून तिनं सुरुवात केली आणि दुसऱ्याच ओळीत 'कॅटॅस्ट्रॉफिक'वर अडकली. तिनं पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा अडखळली. पोरं खुसखुसली. मागच्या बाकावर उमाशंकरच्या काळजाला गारवा मिळाला. तेवढ्यात तिनं कागदाची घडी घालून तो टेबलावर ठेवला.

"सर, धिस इस्पीच इज टू बिग फॉर मी," ती म्हणाली. "आय टेल माय हाउस."

आणि तिनं घर सांगितलं. भिंत किती जाड, दगडात मातीच कशी भरलेली, माळवदाचं ओझं खाली कसं आलं, आई कुठं सापडली. मद्रासचे प्राध्यापक चष्मा काढून ऐकत होते.

मग उमाशंकर उठला. त्यानं भाषण असं धडाधडा म्हटलं की स्वल्पविरामसुद्धा चुकला नाही. प्राध्यापकांनी मान डोलावली आणि सहज विचारलं, "डिड यू फील द अर्थक्वेक युअरसेल्फ?"

प्रश्न गाइडात नव्हता. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून घरची बोलीच निघते, उमाशंकरच्याही निघाली. "हाव."

"हाउ?" प्राध्यापक बुचकळ्यात पडले. "आय अ‍ॅम आस्किंग यू."

"हाव सर. हाव, हाव."

प्राध्यापकांना वाटलं, पोरगा आपल्यालाच तीनतीनदा 'कसं' विचारतोय. वर्ग खो खो हसला. कानापर्यंत लाल झालेल्या उमाशंकरला जमिनीनं पोटात घेतलं असतं तर बरं वाटलं असतं. तेव्हा नाझनीन उठली.

"सर, नॉट हाउ. इन अवर प्लेस, हाव मीन्स येस. इन कॅम्प, डॉक्टर ऑल्सो सेम मिस्टेक."

प्राध्यापकही हसले. मद्रासला ती गेली. निवड हुकल्याचं दुःख पुढं ओसरलं, पण तिनं वाचवलं हे त्याला कधीच पचलं नाही, आणि तो तिच्याशी पुन्हा बोलला नाही.

पुढं लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले, त्यात 'उमाशंकर सरांचे इंग्लिश' जोरात चाललं. नियम एकच कडक: वर्गात 'हाव' म्हणणारा तास संपेपर्यंत उभा राहणार. पोरांना वाटायचं, सरांना शुद्ध भाषेचं वेड आहे.

एकदा, डोक्यावर पांढरे केस आल्यावर, प्राध्यापक झालेली नाझनीन क्लासचा फलक वाचून आत आली. पोरांनी विचारलं, मॅडम, तुम्ही इथल्याच?

"हाव," ती म्हणाली. सगळा वर्ग धसकून सरांकडं बघू लागला. सरांनी तिला उभं केलं नाही, ती उभीच होती.

ती त्याच्याकडं वळली. "उमाशंकर, आर यू इस्टिल अँग्री विथ मी?"

एवढ्या वर्षांत त्यानं या प्रश्नाची वीस उत्तरं मनात तयार केली होती, सगळी निर्दोष. तोंडून निघालं, "हाव."

पोरं हसायला लागली. नाझनीन हसली नाही. तिनं विचारलं, "हाउ?"

उमाशंकरनं खडू खाली ठेवला. वाक्य जुळवलं नाही, तपासलं नाही.

"यू गो मद्रास," तो म्हणाला. "आय गिव्ह यू बिग वर्ड्स. आय वाँट यू फॉल."

तिन्ही वाक्यांत काळ चुकला होता. पहिल्या बाकावरच्या पोरीच्या ते लक्षात आलं, तिनं हात वर केला आणि मग हळूच खाली घेतला.