अँटीव्हायरस बंद करणारा

सीताबर्डीतल्या एका गाळ्यात एक जण चोरीचे गेम कम्प्युटरमध्ये टाकून द्यायचा. मी पन्नाशीचा गेमवेडा, घरचा सीपीयू काखोटीला मारून थाटात पोचलो. लेकीचा पीएचडीचा प्रबंध त्यातच होता, दुसरी प्रत कुठेच नव्हती.

कामाआधी तो रुमालाने हात पुसायचा आणि पूजेला बसल्यासारखा गंभीर होऊन अँटीव्हायरस बंद करायचा.

"हे लय बोंबलते, काका. कुलूप तोडलेला गेम दिसला का याले चोरच दिसते."

"आणि आत खरंच चोर असला तर?"

"चोर त कंपन्या! इकत घेतलेला गेमही इंटरनेट नसलं का उघडत नाही. पैसे देणाऱ्याले कुलूप, आपल्याले मोकळं रान!"

मी खूश होऊन टाळी दिली. पडद्यावर हिरवी पट्टी सरकत होती. सहज विचारलं, "तू घरी कोणता खेळतोस?"

त्याने आवाज उतरवला. "घरी मी इकतच घेतो जी. बायकोचे बँकेचे व्यवहार त्याच कम्प्युटरवर हायेत. हे टाकाले मले भेव लागते."

"थांबव!" मी ओरडलो.

"आता काय थांबवता, काका, पट्टी त भरली," तो म्हणाला, आणि माझ्याइतकाच घाबरून पडद्याकडे पाहत राहिला.