फुगलेला फोन

हे गेल्यापासून त्यांचा फोन कपाटातच होता. आज काढला, तर मागचं झाकण वर आलेलं. लेक ओरडली, “आई, बॅटरी फुगलीय! दाबू नकोस, चार्जिंगला तर मुळीच लावू नकोस, पेट घेईल.” तिने तो पत्र्याच्या डब्यात वाळूवर ठेवला आणि डबा बाल्कनीत सावलीला नेला. उद्या ती तो ई-कचरा घेणाऱ्यांकडे देणार आहे.

मला हसूच आलं. हेही असेच फुगायचे, साध्या चहाला उशीर झाला तरी. मी डिवचायची नाही, लांबच राहायची. मग संध्याकाळी आपणच स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणायचे, “काय गं, चहा टाकतेस ना?”

आजही मी त्या डब्याजवळ गेले नाही. संध्याकाळ झालीय, आणि मी उगीचच स्वयंपाकघरात घुटमळतेय.