मुका दगड, बोलका दगड

कंधारच्या किल्ल्याकडं जाणारी जुनी दगडी वाट पर्यटकांसाठी दुरुस्त करायला सरकारी निधी आला, तेव्हापासून एक पाथरवट चाचा रोज माझ्या दारासमोर काम करतात. नाव विचारायचं राहूनच गेलं. प्रत्येक दगडावर हातोडी मारून कान लावतात. खणखणीत वाजला तरच बसवतात, नाहीतर "मुका हाय" म्हणून बाजूला सारतात.

परवा तपासणीला साहेब आले. "चाचा, नवे दगड कुठले?"

"तुमीच वळखा. वळखू आला तर उपटून टाकतो."

साहेब दोनदा वाट चालले, वाकले, शेवटी एकावर बूट ठेवला. "हा नक्की नवा."

आमची सगळी गल्ली बघायला जमलेली.

"त्यो निजामाच्या बी आधीचा हाय, साब," चाचा म्हणाले, आणि पुढच्या दगडाला कान लावला.