मोहिद्दीनभाईंची एनओसी

आखातातल्या फुजैरात मोहिद्दीनभाईंचं एसी दुरुस्तीचं दुकान अठरा वर्षं चालू होतं, आणि अठरा वर्षांत त्यांनी आपल्या लोकल एजंटचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं! सत्त्याण्णव सालची ही गोष्ट. दुकान तुमचं, घाम तुमचा, पण लायसन्सवर एजंट म्हणून एका अरबाचं नाव हवंच. भाईंचा एजंट म्हणजे म्हातारा अबू राशिद. त्याचे सगळे कागद फिरवायचा युसुफ. हा भाईंच्याच रत्नागिरीकडचा, अगदी शेजारच्या गावचा.

एक सही मागितली की युसुफ पंधरा दिवस रखडवायचा. शेवटी भाई कंटाळले. समोरचा टायरवाला सईद, तोही तिथलाच अरब, एजंट व्हायला तयार होता. फक्त जुन्या एजंटची एनओसी पाहिजे होती.

"इन्शाल्ला, पुढच्या हप्त्यात," युसुफ म्हणाला. "आमचे मालक, अबू राशिद अरबाब, तापट आहेत, भाईजान. भाभीच्या हातची सांदणं पाठवा ना त्यांना, खूश होतील."

मग काय, अन्वरीभाभी दर गुरुवारी नारळाचं दूध काढून सांदणं वाफवायच्या आणि भाई डबा घेऊन युसुफच्या ऑफिसात. नऊ गुरुवार! लायसन्स संपायला आठ दिवस उरले. ते गेलं की घरातल्या सगळ्यांचे व्हिसा गेले, आणि लेक सुमैय्याची दहावीची परीक्षा तर महिन्यावर आलेली.

"अब्बा, व्हाय डोन्ट यू जस्ट गो अँड आस्क हिम?" सुमैय्या म्हणाली.

"तसं थेट जात नाहीत गं. युसुफला काय वाटेल?"

पण दुसऱ्या दिवशी ते अबू राशिदच्या घरी गेलेच. तापट अरबाब दारात बसून मांजराला मासा भरवत होता. त्याने भाईंना बसवलं, कावा म्हणजे अरबी कॉफी दिली.

"एनओसी? वो तो मैंने दो महिना पहले साइन किया. युसुफ ले गया. खलास."

"और... वो सांदणं, अरबाब? मीठा?"

"कौन सा मीठा? मेरे को तो शुगर है."

भाई उठले. तसेच ते युसुफकडे गेले. युसुफने मान वर न करता खण उघडला आणि कागद काढला.

"तुमच्या भल्यासाठीच ठेवला होता. नवा एजंट कसा निघेल, काय सांगता येतं? बसा, चाय मागवतो."

"भल्यासाठी? माझ्या पोरीचा व्हिसा जात होता!"

"आता तुम्ही सुटलात तर उद्या सगळेच सुटतील, भाईजान. मग मला कोण विचारणार?" युसुफ हसला, वर ओठसुद्धा चाटले. "सांदणं मात्र एक नंबर हां."

शी! भाईंना त्याच्यापेक्षा स्वतःचीच किळस आली. नऊ गुरुवार आपण या माणसापुढे हात जोडून उभे होतो, का तर त्याला वाईट वाटू नये!

त्यांनी कागद खिशात घातला. कपाटावरचा अन्वरीचा स्टीलचा डबा उतरवला. तो धुतलाही नव्हता, आत मुंग्या. चहा आला होता, त्याला हात न लावता ते बाहेर पडले. मशिदीच्या नळावर तो डबा त्यांनी घासून घासून धुतला, आणि मग सईदला घेऊन लायसन्सच्या ऑफिसकडे निघाले.