पुलावरचा टेलिव्हिजन

चहा घ्या आधी, गार होईल. मी एकदा सांगायला लागलो की मध्ये थांबत नाही, आणि न थांबण्यापायी माझी जी शोभा झाली तीच आज सांगणार आहे. हसू आलं तर हसा. माझ्या घरात अजून कुणी हसलेलं नाही.

मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. मुंबईत टेलिव्हिजन आला होता आणि तिकडून येणारा प्रत्येक पाहुणा त्याचं कौतुक सांगून आमचं डोकं उठवायचा. आम्हाला काय त्याचं? आमच्या कोल्हारात गाड्यांचा खेळ कित्येक वर्षं रोज चालू होता, आणि तोही फुकट! नगर-मनमाड रस्ता, प्रवरेचा पूल आणि पुलाच्या तोंडाशी गणपाचं हॉटेल. हॉटेल म्हणजे पत्र्याचं छप्पर, दोन बाकडी आणि एक स्टोव्ह. दिवस कलला की आम्ही चार टाळकी तिथे बसून येणाऱ्या-जाणाऱ्या मोटारी बघायचो.

नुसत्या मोटारी काय बघायच्या, असं तुम्ही म्हणणार. नवा माणूस असंच म्हणतो. अहो, गंमत बघण्यात नाहीच, ऐकण्यात आहे. गाडी पुलाच्या पलीकडे असतानाच, दिसायच्या आत, आवाजावरून ओळखायची. कुठल्या डेपोची एस.टी., कुणाचा ट्रक, ऊस भरलाय की रिकामा, ड्रायव्हर बायकोशी भांडून आलाय की काय! बाकीचे तिघे पैजा लावायचे, निकाल मी द्यायचो. शेतीतलं मला काही कळत नाही हे माझे वडील चारचौघांत सांगत, पण त्या बाकड्यावर माझा शब्द शेवटचा होता.

अडचण एकच. नवा माणूस या खेळात रमत नसे. शाळेत बदलून आलेल्या मास्तरांना मी मुद्दाम बोलावलं, तर दुसऱ्याच दिवशी त्यांनी पेपर उघडून तोंडापुढे धरला. माझा साडू तर बसल्या बसल्या घोरायला लागला. मला फार लागलं ते.

आणि मग एक दिवस तो म्हातारा आला. गुडघ्यापर्यंत धोतर, मळकं मुंडासं. नाव सखाराम, देवीच्या देवळात उतरलोय, म्हणाला. मी गाव विचारलं तर म्हणाला, प्रवरेच्या वरल्या अंगाचा, अकोल्याकडचा. पुढे मी काही विचारलं नाही. मी विचारणारा माणूसच नव्हे, सांगणारा.

खेळ कसा असतो ते मी त्याला समजावलं आणि उठताना विचारलं, "काय बाबा, रमंल का मन हितं?"

"रमंल की," तो म्हणाला. "तुमी सांगत ऱ्हा."

आता बोला! उभ्या आयुष्यात मला असं कुणी म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून बाबा आमच्या आधी बाकड्यावर हजर. रिकामा ट्रक कसा ओळखायचा, एकच दिवा लागलेली गाडी लांबून मोटारसायकल वाटते ती कशी ताडायची, सगळं विचारायचा आणि मान खाली घालून ऐकायचा. मला तर भरून यायचं. मी पदरच्या पैशाने त्याला चहा पाजायला लागलो.

एका संध्याकाळी त्याने विचारलं, मागच्या भोगीच्या दिवशी, याच वेळेला पुलावरून काय काय गेलं, ते ध्यानात असेल का?

दुसरा कुणी असता तर सावध झाला असता. मी मांडी घालून बसलो. भोगीचा दिवस, तिळाची भाकरी पोटात, विसरतोय कशाला? नाशिकची एस.टी. गेली, कारखान्याकडे उसाचे ट्रक गेले, आणि अंधार पडता पडता आमच्या रावसाहेबाचा ट्रक रिकामा परत आला. रावसाहेब म्हणजे माझ्या बायकोचा सख्खा भाऊ. जाताना गाडी धडधाकट होती, येताना डावा दिवा बंद, आणि डावं मडगार्ड चाकाला घासत होतं. दुसऱ्या दिवशी श्रीरामपुरात नवं बसवून आणलं पठ्ठ्याने, हेही सांगितलं.

शेजारच्याने माझ्या पायावर पाय दिला. मी पाय काढून घेतला आणि मडगार्ड कसं घासत होतं त्याचा आवाज तोंडाने काढून दाखवला.

"फौजदाराला सांगितलं व्हतं हे?" बाबाने विचारलं.

मी हसलो. फौजदार आला होता खरा. भोगीच्या दुसऱ्या दिवशी पुलापलीकडे सायकलवरचा एक जण मरून पडलेला सापडला होता. कारखान्यात कामाला असलेला, परगावचा. फौजदाराने विचारल्यावर आम्ही चौघांनी काही पाहिलं नाही म्हणून सांगितलं. आमच्याकडे तशीच रीत आहे, पोलिसाने विचारलं की माणूस आंधळा होतो. बाबाला मी हेही सांगून टाकलं.

त्याने मुंडासं काढून मांडीवर घेतलं. मग म्हणाला, "माजा पोरगा हुता त्यो. ल्हाना."

गणपाने स्टोव्ह बंद केला. मला वाटलं होतं बाबा माझ्या विद्येवर खूश आहे. पोराला कुणी उडवलं ते शोधायला तो देवळात येऊन राहिला होता, आणि मी त्याला मारणाऱ्याचं नाव तोंडाने आवाज काढून सांगितलं होतं. मला इतकी लाज वाटली की त्याच्याकडे बघवेना.

मग काय, म्हातारा पोलिसात गेला आणि मला साक्षीचं समन्स आलं. इकडे बायकोने अबोला धरला आणि रावसाहेबाच्या वकिलाने मला घरी बोलावून पढवलं. गाड्या रोज जातात, नक्की आठवत नाही, एवढंच म्हणायचं. उलटतपासणीत तो मला मूर्ख ठरवणार, तेव्हा नुसती मान हलवायची. मी कबूल केलं. भावाला सोडवून आणते म्हणून बायकोने आईला शब्दही दिला.

कोर्टात मी ठरल्याप्रमाणे बोललो. आठवत नाही म्हणालो. समोर म्हातारा मुंडासं मांडीवर घेऊन बसला होता, तरी म्हणालो. खोटं कशाला सांगू, जीभ अडखळलीसुद्धा नाही.

वकिलाने तिथेच थांबायला हवं होतं. पण तोही माझ्याच जातकुळीचा निघाला. म्हणाला, हा हॉटेलातला बडबड्या आहे, याला बैलगाडी आणि ट्रक यातला फरक कळत नाही, गाव याला हसतं. मी मान हलवली. एवढ्यात बाहेरून ट्रक गेला. वकील हसत म्हणाला, "हा बाहेरून काय गेला ते तरी सांगता येईल का? तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

मला आवरलंच नाही हो! मी म्हणालो, "ट्रक हाय. भरलेला. मागच्या उजव्या स्प्रिंगचा पाटा तुटलाय आन् ड्रायव्हर नवा हाय." पट्टेवाला दारात जाऊन बघून आला आणि मान डोलावून उभा राहिला. मग मला कोण थांबवणार? भोगीची संध्याकाळ, बंद दिवा, घासणारं मडगार्ड, सगळं बाहेर आलं. ओघात गॅरेजवाल्याचं नावही सांगून बसलो, मग त्यालाही बोलावणं आलं.

रावसाहेबाला शिक्षा झाली. कोर्टाच्या पायरीवर म्हातारा माझ्या पाया पडला. गावात लोक म्हणायला लागले, वा रे मर्दा, खऱ्यासाठी सख्ख्या मेव्हण्याचीही भीड धरली नाही! ऐकून ऐकून मलाही ते पटायला लागलं. एकदा असेच चार जण घरी येऊन माझी वाखाणणी करत बसले होते, आणि मी मान खाली घालून ऐकत होतो.

चुलीपुढून बायको त्यांना म्हणाली, "सत्याचं काय घेऊन बसलात? ह्यांना कुनी 'तुमाला काय कळतंय' म्हनावं, सोताच्या गळ्यातला फास कुठल्या दोराचा हाय ते बी सांगतील."