रोझाक्का आणि भिंतीबाहेरचा अंतोन

फोन इनासचा होता. आमच्या चर्चची घंटा वाजवणारा, कुणी गेलं तर दफनाची सगळी धावपळ करणारा इनास. मी बेळगावात डोळ्यांच्या डॉक्टरकडं बसले होते, डोळ्यांत औषध घातलेलं, समोरचं काही धड दिसत नव्हतं. "बाई, रोझाक्का गेल्या," तो म्हणाला. "सकाळी चहा ठेवायला उठल्या आणि तिथंच बसल्या..." मग जरा थांबून, "फळ्यावर वय लिवायचं हाय. किती लिवू?" मी म्हटलं, "मला काय माहीत रे? रोझाक्कांना विचार." आणि मी काय बोलले ते माझं मलाच कळलं. कुणाचा बाप्तिस्मा कधी झाला, कुणाचं लग्न कुठल्या फादरनी लावलं, हे सगळं आम्ही आयुष्यभर त्यांनाच विचारत आलो होतो. शेवटी इनासनं कपाटातली जुनी बाप्तिस्म्याची रजिस्टरं काढून त्यांचं वय शोधलं. त्याला अर्धा तास लागला.

निपाणीच्या अलीकडं, हायवेला लागून आमचं गाव. इथलं चर्च म्हणजे काही बेळगावच्या मोठ्या चर्चसारखं नव्हे. सुरुवातीला तंबाखूच्या वखारीत कामाला आलेली चार-पाच ख्रिस्ती घरं, कुणी खानापूरकडची कोकणी बोलणारी, कुणी कोल्हापूरकडची मराठी. पहिली मिस्सा, म्हणजे फादरनी करायची उपासना, म्हणे वखारीतच झाली, तंबाखूच्या बोदांवर, गच्च भरलेल्या पोत्यांवर, फळी टाकून, आणि फादरना शिंका आवरेनात. पुढं दगडाचं चर्च उभं राहिलं, पण फादर कायमचे राहायला आले नाहीत. पंधरा दिवसांनी एकदा बेळगावहून यायचे. मधल्या दिवसांत सगळा कारभार फ्रान्सिस मास्तरांवर. दिवसा शाळा, संध्याकाळी धर्मशिक्षण. रोझाक्का या मास्तरांची लेक. बापाच्याच शाळेत शिक्षिका झाल्या, लग्न केलं नाही. मी आधी त्यांची विद्यार्थिनी आणि नंतर त्याच शाळेत मराठी शिकवायला लागले, म्हणून त्या मला शेवटपर्यंत "लिले" म्हणायच्या, चार बायकांतसुद्धा.

मास्तर दरवर्षी एक धडा घ्यायचे. टेबलावर कापडाची बाहुली, शेजारी पाण्याचा तांब्या. मूल जगण्या-मरण्यात असलं आणि फादर जवळ नसले, तर कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतो, बाई असो की बाप्या, हे ते आम्हाला शिकवायचे. आम्ही एकेकानं उठून बाहुलीच्या डोक्यावर पाणी ओतायचं आणि शब्द म्हणायचे. दहाव्या पोरापर्यंत बाहुलीचा पार लोळागोळा झालेला असायचा, आम्हाला हसू आवरायचं नाही. मास्तर एरवी लई शांत माणूस. पण कुणी शब्द आठवत थांबलं की ओरडायचे, "थांबायचं न्हाय! कुणाची वाट बघायची न्हाय!" आणि तांब्या त्याच्या हातात कोंबायचे. मागं शिवण घेऊन बसलेल्या रोझाक्का तेवढ्या धड्याला उठून बाहेर जायच्या. आम्हाला वाटायचं, दरवर्षी तेच तेच ऐकून कंटाळल्या असतील.

मी त्यांच्या हातचा मार एकदाच खाल्ला. दफनभूमीच्या भिंतीबाहेर चिंचेचं मोठं झाड होतं. त्यावर भूत आहे असं सगळी पोरं म्हणायची, आणि म्हणूनच तिथल्या चिंचा पाडून दाखवायची चढाओढ असायची. मी दगड भिरकावला, तो फांदीला लागून खाली मातीत आपटला. मागनं रोझाक्का कधी आल्या कळलंच नाही. अशी थोबाडीत दिली की कान वाजला. मग त्यांनी तो दगड उचलला, जिथं पडला होता तिथली माती हातानं सारखी केली, आणि मला म्हणाल्या, "घरी जा." मी रडत घरी गेले आणि आजोबांना सांगितलं. माझे आजोबा सान्तान, दफनभूमीची किल्ली सांभाळणारे, कडक नेमाचा माणूस म्हणून त्यांचं नाव अजून निघतं. त्यांनी ऐकून घेतलं. शाळेत जाऊन भांडतील असं मला वाटलं होतं, पण ते गेलेच नाहीत. त्या दिवशी जेवलेही नाहीत.

पुढं हायवे रुंद झाला आणि चिंच गेली. तोडताना रोझाक्का तिथं उभ्या होत्या. छत्री डोक्यावर. मुळं उपसली, खडी पडली, डांबर आलं. त्यानंतर आठवड्याभरात त्या माझ्याकडं आल्या आणि म्हणाल्या, "लिले, चर्चचा इतिहास लिवायला घेतलाय. अमृतमहोत्सव येतोय न्हवं? तू शुद्धलेखन बघ तेवढं." दोन वर्षं लिहीत होत्या. रजिस्टरं चाळत, म्हाताऱ्याकोताऱ्यांना खोदून खोदून विचारत. त्या लिहायच्या आणि मी तपासायची. कुठं माझी लाल शाई जास्त झाली की, "तू माझीच पोरगी, मलाच शिकीव आता," असं म्हणून हसायच्या. एके दिवशी त्यांनी एक सुटं पान माझ्यापुढं ठेवलं. म्हणाल्या, "हे वाच. आणि मग मला काय विचारायचं ते विचार."

मी वाचलं आणि पान परत त्यांच्यापुढं सरकवलं. मग त्यांनीच सांगितलं. "मी आठ वर्षांची असताना आईला पोरगा झाला. अंतोन. तिसऱ्या दिवशी त्याला धाप लागली. बाबांनी तांब्या हातात घेतलता लिले. घेतलता आणि परत खाली ठेवला. म्हणाले, परवा फादर येतायत, त्यांच्याच हातनं होऊ दे. मास्तरानं स्वतःच्या पोराचा बाप्तिस्मा स्वतःच उरकला, असं लोकांनी म्हणाया नको... दुपारपतूर पोर गेलं." त्यांच्या चहावर साय धरली होती, ती बोटानं बाजूला सारत राहिल्या. "आईच्या लुगड्यात गुंडाळून आम्ही दफनभूमीकडं गेलो. फाटकाला कुलूप. बाप्तिस्मा न झालेल्याला आत जागा न्हाय. नेमच होता तवा. बाबा एक शब्द बोलले न्हाईत. बोलणार काय? तो नेम त्यांनीच समद्या गावाला शिकवलता. त्यांनी स्वतः खोरं घेतलं आणि चिंचेखाली... मी पोराला धरून उभी होते."

कुलूप लावणाऱ्याचं नाव त्यांनी तोंडानं घेतलं नाही. पानावर होतं. सान्तान.

आता मी काय केलं ते सांगते, आणि उगाच गोड करून सांगत नाही. पुस्तकाच्या समितीत कुणीतरी म्हणालं, "महोत्सवाच्या पुस्तकात असलं रडगाणं कशाला? रजिस्टरला नोंद तरी हाय का?" नोंद नव्हतीच. असणार कशी? बाप्तिस्मा नाही, दफन नाही, म्हणजे चर्चच्या लेखी ते पोर जन्मलंही नव्हतं आणि मेलंही नव्हतं. आमचे तरुण फादर भले माणूस. ते म्हणाले, "लिलीबाई, तुम्ही संपादक, तुम्ही ठरवा." आणि मी ठरवलं. रोझाक्कांच्या घरी जाऊन सांगितलं, "अक्का, नोंदीशिवायचं काही घ्यायचं नाही असं ठरलंय." असं ठरलंय म्हणे! ठरवलं होतं मी. ते पान मी काढलं आणि त्या जागी माझ्या आजोबांचा फोटो टाकला, अर्ध्या पानाचा. त्या म्हणाल्या, "बरं." एवढंच.

पुस्तक छापून आलं. त्यांनी शेवटपर्यंत पानं उलटली आणि म्हणाल्या, "छपाई चांगली झालीया." घरोघरी प्रती वाटायचं काम त्यांनी मागून घेतलं. एवढ्या वयात कशाला, म्हटलं, तर ऐकेनात. सगळे गठ्ठे स्वतःच्या घरी नेले, महिनाभर पिशवी घेऊन हिंडत होत्या. त्यानंतर चार वर्षं त्या दर गुरुवारी माझ्याकडं चहाला आल्या. मी वाट बघायची, आज बोलतील, आज मला फाडून खातील. कधीच नाही. शाळा, गुडघे, मिस्सा कुठल्या भाषेत व्हावी यावरची गावातली भांडणं, सगळ्यांवर बोलायच्या. मला त्या शांतपणाची भीती वाटायला लागली होती. त्या उठून गेल्यावर मी त्यांचा कप लगेच धुवायला टाकायची, समोर ठेववत नसे.

त्या गेल्याला महिना झाल्यावरच्या मिस्सेनंतर मला वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी हा लेख लिहायला सांगितलं. एका फादरचं नाव आठवेना आणि घाईत माझी प्रत सापडेना, म्हणून शेजारी फिलोमिनाकडं गेले. तिची प्रत उघडली. शेवटच्या कोऱ्या पानावर रोझाक्कांचं अक्षर, फळ्यावर लिहायच्या तसं, ठळक, सरळ ओळीत: "फ्रान्सिस मास्तरांचा मुलगा अंतोन, तीन दिवसांचा. भिंतीबाहेर, चिंच होती तिथं. त्याच्यासाठी एक प्रार्थना म्हणा." मी पुढच्या घरी गेले. तिथंही तेच. त्याच्या पुढच्याही घरी. कन्नड बोलणाऱ्या शांतव्वाच्या प्रतीत तीच ओळ कानडीत होती. शांतव्वा म्हणाली, "टीचरनी सांगितलंय न्हवं, मेलेल्यांच्या सणाला म्हणायचं म्हणून. आम्ही दर वर्षी म्हणताव." मग माझ्याकडं नवलानं बघत म्हणाली, "का ओ बाई? तुमच्या पुस्तकात न्हाय व्हय?"

चार वर्षं अख्खं गाव त्या पोरासाठी प्रार्थना म्हणत होतं आणि मला पत्ता नव्हता. मी अकरा घरं हिंडले. एकाही प्रतीत कुलपाचा उल्लेख नाही, आजोबांचं नाव नाही. तेवढं त्यांनी गाळलं होतं... माझ्यासाठी.

घरी येऊन कपाट उपसलं. माझी प्रत सापडली. शेवटचं पान कोरं होतं. उजेडाला धरलं, उलटं करून बघितलं, नवा चष्मा पुसून पुन्हा बघितलं. काही नाही. रागानं कोरं ठेवलं म्हणावं, तर चार वर्षं त्या माझ्या हातचा चहा प्यायल्या. माझ्यासाठी जागा ठेवली म्हणावं, तर तेवढी मी त्यांच्याशी बरी वागले नव्हते. गेले कित्येक दिवस ते पान माझ्यापुढं उघडं पडून आहे. जेवताना, भाजी निवडताना, नजर तिकडंच जाते. पेन उचलते आणि खाली ठेवते. काल तसंच पेन खाली ठेवलं आणि एकदम मास्तरांचा तांब्या डोळ्यांपुढं आला. रोझाक्कांना ते छापून हवं होतं, हातानं लिहिलेलं नव्हे. म्हणून इथं लिहिते. पुरवणीत जागा नसेल तर संपादकांनी वरचं सगळं गाळावं, पण एवढं ठेवावं:

फ्रान्सिस मास्तरांचा मुलगा अंतोन, तीन दिवसांचा. भिंतीबाहेर, चिंच होती तिथं. फाटकाला कुलूप लावणारे सान्तान, माझे आजोबा. पुस्तकातून त्याचं पान काढणारी मी.