बावीचं पाणी नको म्हणणारी काकी

आमच्या काकीला 'नाही' म्हणायला वेळ लागत नसे. 'हो' म्हणायला मात्र ती इतका वेळ घेई, की समोरचा माणूसच नको म्हणून उठून जाई. मी ओरोसला सरकारी कचेरीत नोकरी करतो. आमच्याकडे 'नाही' हा शब्द वापरायची पद्धत नाही. आम्ही 'बघू' म्हणतो. त्यामुळे काकी मला माणसांत धरत नसे. "तुझ्या तोंडात जीभ आसा की लाकडाचो चमचो रे?" असं ती चारचौघांत विचारी, आणि मी सवयीने म्हणे, "बघू."

नांदगावला महामार्गाला लागून आमचं गोदाम आहे. काजूगराचे डबे आणि आंब्याच्या रसाची पिंपं तिथे राहतात. काकाने ते उभं केलं, डिझेलच्या धुराचा वास काजूला लागतो म्हणून बॅटरीवर चालणारी फोर्कलिफ्ट घेतली, आणि थोड्याच दिवसांत तो गेला. मूलबाळ नव्हतं. काकाचे थोरले भाऊ आणि गोदामातले अर्धे वाटेकरी म्हणजे माझे बाबा. त्यांचं मत पडलं की गोदाम एका मोठ्या कंपनीला भाड्याने देऊन टाकावं. कंपनी आपली माणसं आणणार, म्हणजे तिथे कामाला येणाऱ्या बायका घरी बसणार, आणि काकीही. काकीने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी फोर्कलिफ्टवर सुलभाला बसवलं. सुलभा शेजारच्या गावातली, भातशेती करणाऱ्या घरातली सून. तोवर तिने चालवलं असेल तर शिवणाचं मशीन.

आमच्या घरात थोरला दीर आणि धाकटी भावजय एकमेकांशी थेट बोलत नाहीत. मधे कोणीतरी लागतं. ते कोणीतरी म्हणजे मी. दोघं एकाच ओटीवर बसलेली असत, दोघांनाही सगळं लख्ख ऐकू येई, तरी बाबा माझ्याकडे बघून म्हणत, "तिका सांग," आणि काकी खांबाकडे बघून म्हणे, "दादांका सांग." चाळिशीला टेकलेला मी मधे वायरीसारखा. करंट दोन्हीकडून यायचा आणि दिवा कुठेच लागायचा नाही.

पहिली बॅटरी मेली ती आमच्या अभिमानाने. घरामागची बाव बाबांच्या आज्याने खणलेली. तिचं पाणी शहाळ्यासारखं आहे असं बाबा सांगतात, आणि पाहुण्याला दोन तांबे पिऊन ते कबूल करावं लागतं. फोर्कलिफ्टच्या बॅटरीत मधूनमधून पाणी घालावं लागतं हे कळल्यावर बाबांनी विकतचं डिस्टिल्ड पाणी येऊच दिलं नाही. घरात अशी बाव असताना कॅनमधलं पाणी? लोक काय म्हणतील! रोज सकाळी कळशी गोदामात जाऊ लागली. चार्ज करायच्या आधीच सेल काठोकाठ भरायचे. चार्जिंगला लावलं की आतलं पाणी फुगायचं आणि ॲसिड बाहेर यायचं. दुसऱ्या हंगामात बॅटरीने मान टाकली. मेकॅनिकने बुचं काढून आत टॉर्चचा उजेड टाकला तर प्लेटांवर पांढरे थर.

काकीने घरी येऊन जाहीर केलं, "दादांका सांग, बावीचा पाणी माणसांका. बॅटरीक नाय."

कोणी कुळाचा उद्धार करावा तसे बाबा ताठ झाले. "तिका सांग, त्या पाण्याक आजपर्यंत कोणी नाव ठेवूक नाय!"

"नाव खंय ठेवलंय मी? गोड आसा म्हणानच नको. ती गोडी मातीतल्या क्षारांची. बॅटरीक बेचव पाणी होया, ह्याच्या कचेरीतल्या चायसारख्या."

दोन्ही निरोप माझ्यातून न जाताच पोचले.

"तिका सांग," बाबा उठत म्हणाले, "घेवंदे नवी बॅटरी. पण ती पाच वर्षां चलाक होयी. त्याच्याआधी मेली तर गोदाम भाड्यान देवचा."

"दादांका सांग, चलतली."

नवी बॅटरी बघायला काकी मला घेऊन कोल्हापूरला गेली. विक्रेत्याने गुळगुळीत कागदाची पुस्तिका पुढे केली. काकीने ती न उघडताच माझ्याकडे दिली आणि विचारलं, "वजन किती?"

तो हसला. "काकी, ही काही डोक्यावरून न्यायची नाही."

काकीचं माहेर समुद्रकाठच्या तोंडवलीचं, घरच्या होड्या. ती म्हणाली, "रिकामी होडी भायर काढताना तळाक दगड भरतत. कशाक? उलथान पडू नये म्हणान. पुढे पिंप उचलल्यार मागसून गाडी कोण धरतलो? तू?" विक्रेत्याने हलकी, स्वस्त बॅटरी मुकाट्याने बाजूला सारली. फोर्कलिफ्टच्या पाटीवर बॅटरीचं कमीत कमी वजन किती हवं ते लिहिलेलं असतं. काकीने तो आकडा देवाच्या नावासारखा पाठ केला होता. तिची दुसरी अट म्हणजे हंगामातला सगळ्यात मोठा दिवस संपला तरी बॅटरीत पाचवा हिस्सा शिल्लक राहायला हवा. "डबो खडखडीत करून मगे बाजाराक धावणारी बाई संसार करूक शकणा नाय," ती म्हणाली. विक्रेत्याने माझ्याकडे बघितलं. मी पुस्तिकेत बघितलं.

बॅटरी आली आणि गोदामात काकीचं राज्य सुरू झालं. चार्जिंग दिवसातून एकदाच, पण पोटभर. त्या वेळी खिडक्या उघड्या, कारण आतून गॅस निघतो, आणि आसपास बिडी ओढणाऱ्याला थेट महामार्गाचा रस्ता. चार्ज झाली की निवू द्यायची. पाणी शेवटी, आणि तेही कॅनमधलं. समुद्राचा वारा इतक्या आत येतो की नाही यावर वाद घालण्यापेक्षा ती तारांची टोकं रोज फडक्याने पुसून घेई. चहाच्या सुट्टीत कोणी हळूच चार्जर लावला तर ती तिथल्या तिथे काढून टाकी. "येता-जाता तोंडात टाकणाऱ्याचा पोट बिघडता," ती म्हणे, आणि का कोण जाणे, माझ्या पोटाकडे बघे.

एकदा बाबा स्वतः तांब्या घेऊन गोदामात आले. "तिका सांग, एकाच सेलात घालून बघूया."

काकी बॅटरीपुढे हात पसरून उभी राहिली. "दादांका सांग, आधी माझ्या डोक्यार ओता."

बाबा तांब्या घेऊन उभे, काकी हात पसरून उभी. शेवटी ते पाणी मी प्यायलो.

नव्या बॅटरीच्या चौथ्या हंगामात खरी गाठ पडली. मे महिना, रसाची पिंपं न्यायला कोल्हापूरच्या शेठचा ट्रक आलेला. दिवसभर इतका माल हलला होता की ट्रक अर्धा भरला आणि काटा त्या पाचव्या हिश्शावर आला. काकीने सुलभाला थांबवलं.

"ओ काकी, दुपारधरनं ट्रक हुबा हाय माझा!" शेठ ओरडला.

"उभो रवांदे. ट्रकाचे पाय दुखणत नाय."

"आवं, रेटा की अजून थोडं! न्हाईतर तासभर चार्ज करा आन् चालवा."

"नाय. उरलेली पिंपा हातगाडीन चढवतो, पायजे तर. गाडी उद्या."

सुलभा आणि इतर बायका पदर खोचून तयार झाल्या. पण शेठला आता माल नको होता, माघार हवी होती. तोवर कोणीतरी बाबांना बोलावून आणलं. बाबा धापा टाकत म्हणाले, "तिका सांग, चावी सुलभाक दी. गिऱ्हाईक जाता!"

काकीने हातातली चावी कमरेला लावली, आणि साडी सावरत स्वतःच फोर्कलिफ्टवर चढून बसली. "दादांका सांग, माका हयसून उचलूचा आसात तर दुसरी फोर्कलिफ्ट हाडा."

बायका हसल्या. शेठ हसला नाही. अर्धा ट्रक घेऊन तो गेला, तो कायमचा. पुढच्या वर्षी त्याचा माल दुसऱ्या गोदामात गेला, आणि तो हंगाम आम्हाला जड गेला.

"तिका सांग, बॅटरी वाचली आणि धंदो मेलो," बाबा म्हणाले.

"दादांका सांग, धंदो माझो आसा. मारीन नायतर जगवीन."

बोलली खरी, पण त्या संध्याकाळी ती बराच वेळ सेलांची बुचं पुसत बसली होती. ती आधीच पुसलेली होती. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. "भिलंस?" असं तिनेच मला विचारलं.

पाच वर्षं झाली. बॅटरी चालत होती. बाबा गोदामात आले, सुलभाने पिंप उचलून दाखवलं, खाली ठेवून दाखवलं. बाबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "तिका सांग, अजून एक हंगाम बघूया."

"दादांका सांग, बघा. बसूक खुर्ची देतंय."

ती बॅटरी आणखी दोन हंगाम चालली. मग लिथियमच्या बॅटरीची वेळ आली. आम्हाला वाटलं, काकी आता हिच्याशी भांडणार. तिने ती आनंदाने घेतली. पाणी नको, निववणं नको, चहाच्या वेळी चार्ज केली तरी कुरकुर नाही. "म्हणजे मी रिटायर," ती म्हणाली. फक्त नवी बॅटरी वजनाला हलकी निघाली. बॅटरीवाल्यांच्या माणसाने येऊन लोखंडी ठोकळे बसवले, वजन पाटीवरच्या आकड्याला पोचलं, तेव्हाच काकीने सुलभाला वर चढू दिलं.

गेल्या वर्षी गणपती झाले आणि काकी गेली. सकाळी चहा घेतला, अंगणात उन्हाला बसली, तिथेच. त्या एका बोलावण्याला मात्र ती नाही म्हणाली नाही.

तिचे दिवस झाल्यावर कळलं, की गोदामातला आपला वाटा ती माझ्या नावावर करून गेली होती. मला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी काय म्हणालो असतो हे तिला ठाऊक होतं.

थोड्याच दिवसांत गोदाम भाड्याने घेऊ पाहणाऱ्या कंपनीचा माणूस ओटीवर येऊन बसला. कागद तयार होते. बाबांनी सही केली आणि पेन माझ्याकडे सरकवलं. सुलभा अंगणात उभी होती. गोदामातल्या बायकांनी तिला पाठवलं होतं. ती माझ्या हाताकडे बघत होती. मी बाबांकडे बघितलं. एक सवय म्हणून वाट बघितली, कोणीतरी 'सांग' म्हणेल याची. खांबाकडून काही आवाज आला नाही.

"नाय," मी म्हणालो.

बाबांनी मान वर केली. वयाने त्यांचे कान आता खरोखरच गेले आहेत. "काय म्हणालंस? मोठ्यान बोल. माका ऐकूक येणा नाय."

म्हणून मी मोठ्याने बोललो.